खातं आहे म्हणून शेअरही?

टोरोंटोत नव्याने उतरलेल्या कुटुंबाचा पहिला आठवडा साधारण ठरलेला असतो: सिन नंबर (सामाजिक विमा क्रमांक), सिमकार्ड, भाड्याचं घर आणि बँकेत खातं. ही बँक बहुतेक वेळा सहा मोठ्या बँकांपैकीच एक असते. रॉयल बँक ऑफ कॅनडा म्हणजे आरबीसी, टोरोंटो-डोमिनियन म्हणजे टीडी, बँक ऑफ मॉन्ट्रियल म्हणजे बीएमओ, शिवाय स्कोशियाबँक, सीआयबीसी आणि क्यूबेकची नॅशनल बँक. पगार तिथेच जमा होतो, क्रेडिट कार्ड तिचंच, चारदोन वर्षांनी घराचं कर्जही तिचंच. हाताशी थोडे पैसे साठू लागले, की ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या मराठी घरांमधून एक सल्ला हमखास कानावर येतो: "बँकेचेच शेअर घेऊन ठेव. डिव्हिडंड चांगला आहे आणि बँक काही बुडत नाही."

या सल्ल्यातली दोन्ही विधानं खरी आहेत. तरीही तेवढ्या जोरावर पैसे गुंतवू नयेत, असं माझं मत आहे. शेअर घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. बँक भक्कम आहे का, हा इथे सगळ्यात सोपा प्रश्न आहे. आपण तिच्यासाठी काय भाव मोजतोय, ती घरी कमावलेला पैसा बाहेर कुठे लावतेय आणि आपल्या स्वतःच्या संसाराचा किती भार आधीच त्याच अर्थव्यवस्थेवर आहे, हे प्रश्न अवघड आहेत आणि ते फारसं कोणी विचारत नाही.

बँक तरली, भागधारकाचं काय?

आधी सोपा प्रश्न. १९३०च्या महामंदीत अमेरिकेत हजारो बँका कोसळल्या. कॅनडात एकही नाही. १९८५ मध्ये अल्बर्टातल्या कॅनेडियन कमर्शियल बँक आणि नॉर्थलँड बँक या दोन लहान बँका बुडाल्या, त्याचा सरकारने धसका घेतला आणि १९८७ मध्ये 'ऑस्फी' या नावाने ओळखलं जाणारं स्वतंत्र नियामक कार्यालय उभं राहिलं. २००८च्या संकटात सहापैकी एकाही बँकेने लाभांश कापला नाही. त्या वेळी सरकारी गृहनिर्माण महामंडळाने बँकांकडची विमा उतरवलेली गृहकर्जं मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन त्यांना रोकड पुरवली होती, ही गोष्ट मात्र आज फार कमी लोक सांगतात. बीएमओ तर १८२९ पासून दरवर्षी लाभांश देत आली आहे. पेशवाई बुडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

पण बँक तरणं आणि भागधारक तरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी गुंतवणूकदाराला बाहेरून शिकवायला नको. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या येस बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. स्टेट बँकेच्या पुढाकाराने ती वाचवली गेली, ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले. मात्र ८,४०० कोटींहून अधिक रकमेचे विशिष्ट रोखे शून्यावर आले, आणि ज्यांनी शेअर वरच्या भावाला घेतले होते त्यांचा पैसा आजही परतलेला नाही. बँक चालू आहे, शाखा उघड्या आहेत, एटीएममधून नोटा येतात. सोसलं ते भागधारकाने.

कॅनडात ठेवींना एका वर्गात १ लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत विमा आहे. शेअरला तो नाही. २०१८ पासून तिथे आणखी एक तरतूद लागू आहे: मोठी बँक अडचणीत आली, तर तिच्या ठरावीक रोख्यांचं रूपांतर सक्तीने शेअरमध्ये करता येतं. करदात्याच्या खिशाला हात न लावता बँक वाचवण्याची ही सोय. ती वापरावी लागली तर जुन्या भागधारकाचा हिस्सा पाण्यासारखा पातळ होईल. असं होण्याची शक्यता मला फार दूरची वाटते, पण 'बँक बुडत नाही' हे वाक्य ठेवीदाराचं आहे, भागधारकाने ते जसंच्या तसं उसनं घेऊ नये.

घरी कमवायचं, बाहेर घालवायचं

या बँकांची खरी ताकद त्यांच्या हुशारीपेक्षा बाजाराच्या रचनेत आहे. चार कोटींच्या देशात बहुतेक सगळा बँकिंग व्यवसाय सहाजणांच्या हातात. मोठ्या बँकेत कोणालाही एका वर्गाच्या मतदान-शेअरपैकी २० टक्क्यांहून जास्त हिस्सा घेता येत नाही, त्यामुळे बाहेरून येऊन कोणी बँकच विकत घेईल ही भीती नाही. आपसात विलीन होण्याची मुभाही नाही: १९९८ मध्ये आरबीसी-बीएमओ आणि टीडी-सीआयबीसी असे दोन विवाह ठरले होते, अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी डिसेंबरात दोन्ही मोडले. त्यानंतर मधल्या आकाराच्या बँका तेवढ्या गिळल्या जात आहेत. आरबीसीने २०२४ मध्ये एचएसबीसीचा कॅनडातला व्यवसाय १३.५ अब्ज डॉलरना घेतला. २०२५ मध्ये नॅशनल बँकेने कॅनेडियन वेस्टर्न बँक घेतली. ग्राहकाच्या दृष्टीने ही परिस्थिती काही फार कौतुकाची नाही. खात्याची मासिक फी भरताना तो चरफडतोच. भागधारकाला मात्र हीच गोष्ट गोड लागते.

पण घरी नफा इतका आणि वाढायला जागा इतकी कमी, की उरलेला पैसा कुठेतरी लावणं भाग पडतं. सहाही बँकांचा स्वभाव या एका निर्णयात दिसतो. स्कोशियाबँकेने मेक्सिको, पेरू, चिली, कोलंबिया धरलं. बीएमओने शिकागोच्या हॅरिस बँकेपासून सुरुवात करून २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाची बँक ऑफ द वेस्ट १६.३ अब्ज अमेरिकी डॉलरना घेतली. आरबीसीने अमेरिकेच्या आग्नेय भागात शाखांचं जाळं उभारलं, ते जमेना म्हणून २०१२ मध्ये विकून टाकलं, आणि मग २०१५ मध्ये श्रीमंत ग्राहकांची सिटी नॅशनल बँक घेऊन दुसऱ्या दाराने आत शिरली. नॅशनल बँकेची तर कंबोडियात एबीए नावाची बँक आहे, आणि ती चांगली चालते! शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालातला फक्त एक तक्ता पाहायचा असेल, तर नफा कोणत्या विभागातून आणि कोणत्या देशातून येतो, तो पाहा. कॅनडातला रकाना सहाही बँकांचा थोड्याफार फरकाने सारखाच दिसेल. फरक त्याच्याखाली आहे.

टीडीचं उदाहरण मी थोडं सविस्तर घेतो, कारण मोठ्या बँकेच्या शेअरबाबत जे जे तपासावं लागतं ते सगळं त्यात एकत्र सापडतं.

टीडी १९५५ मध्ये बँक ऑफ टोरोंटो आणि डोमिनियन बँक एकत्र येऊन झाली. २००० मध्ये कॅनडा ट्रस्ट घेतल्यावर ती घरच्या किरकोळ व्यवसायात पहिल्या रांगेत आली आणि मग अमेरिकेत घुसली. आधी मेन राज्यातली बँकनॉर्थ, २००८ मध्ये कॉमर्स बँकॉर्प. बघता बघता मेनपासून फ्लोरिडापर्यंत पूर्व किनाऱ्यावर हजाराहून जास्त शाखा झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेनेसीची फर्स्ट होरायझन १३.४ अब्ज अमेरिकी डॉलरना घेण्याचा करार झाला. अमेरिकी नियामकांची मंजुरी काही येईना. मे २०२३ मध्ये करार मोडला.

मंजुरी का येत नव्हती हे पुढच्या वर्षी सगळ्यांना कळलं. १० ऑक्टोबर २०२४ रोजी टीडीच्या अमेरिकी उपकंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. काळा पैसा रोखण्याची यंत्रणा तिने वर्षानुवर्षं अपुरी ठेवली होती. खर्च वाढू द्यायचा नाही या धोरणापायी नवे व्यवहार तपासणीखाली आणलेच गेले नाहीत. २०१९ ते २०२३ या काळात तीन टोळ्यांनी तिच्या खात्यांमधून ६७ कोटी अमेरिकी डॉलरहून जास्त रक्कम फिरवली. एका टोळीने तर कर्मचाऱ्यांना हजारो डॉलरची गिफ्ट कार्डं वाटली होती. दंड सुमारे ३ अब्ज अमेरिकी डॉलर झाला. त्याच प्रकारच्या त्रुटींसाठी कॅनडाच्या स्वतःच्या यंत्रणेने त्याच वर्षी मे महिन्यात टीडीला ठोठावलेला दंड होता ९२ लाख कॅनेडियन डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की घरचा नियामक आणि बाहेरचा नियामक यांतला फरक समजायला वेगळं भाष्य लागत नाही.

दंडापेक्षा महाग पडणारी गोष्ट दुसरीच होती. टीडीच्या अमेरिकी बँकांची एकूण मालमत्ता ४३४ अब्ज डॉलरच्या पुढे जाता कामा नये, अशी मर्यादा नियामकाने घातली. दंड एकदा भरून मोकळं होता येतं. वाढीवरची बंदी किती वर्षं राहील हे कोणीच सांगत नाही. अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेवर अशीच मर्यादा फेब्रुवारी २०१८ मध्ये आली, ती उठायला जून २०२५ उजाडला. ज्या बाजारात वाढण्यासाठी टीडीने दोन दशकं घालवली, त्याच बाजारात तिला आता जागच्या जागी उभं राहायचं आहे.

आणि तरीही हीच वेळ शेअर घ्यायला चांगली ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये टीडीचा शेअर टोरोंटोच्या बाजारात ७५ कॅनेडियन डॉलरच्या आसपास घुटमळत होता. भरत मसरानी हे भारतीय वंशाचे गृहस्थ २०१४ पासून बँकेचे प्रमुख होते. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये पायउतार झाले आणि रेमंड चन आले. त्याच महिन्यात बँकेने अमेरिकेच्या चार्ल्स श्वाब या दलाली कंपनीतला आपला सगळा हिस्सा विकला, ८ अब्ज डॉलरपर्यंत स्वतःचेच शेअर परत घेण्याचं जाहीर केलं, आणि वर्ष संपेपर्यंत भाव १२०च्या पलीकडे गेला. वर्तमानपत्रांत सगळ्यात वाईट बातम्या होत्या तेव्हा बँक स्वस्त होती. बातम्या निवळल्या तेव्हा ती महाग झाली होती. मधल्या काळात कॅनडातला मूळ व्यवसाय जवळजवळ तसाच होता.

लाभांशाचा टक्का

वरच्या दोन भावांवर लाभांश मांडून पाहू. २०२५ मध्ये टीडी तिमाहीला १.०५ डॉलर, म्हणजे वर्षाला ४.२० डॉलर लाभांश देत होती. ७५ डॉलरला घेतलेल्या शेअरवर हे ५.६ टक्के होतात, १२० डॉलरला घेतलेल्यावर ३.५ टक्के. बँक तीच, लाभांश तोच. तेव्हा "डिव्हिडंड चांगला आहे" असं कोणी म्हणालं, तर "कोणत्या भावाला?" एवढंच विचारावं. सल्ला देणाऱ्याने बहुधा दहा वर्षांपूर्वीच्या भावाला घेतलेला असतो आणि तो आपल्या टक्क्याबद्दल बोलत असतो.

उलटी चूकही होते. टक्का मोठा दिसला की माणूस भुलतो. स्कोशियाबँकेच्या लाभांशाचा टक्का अनेक वर्षं भरघोस होता, कारण भाव वर जात नव्हता. २०१४च्या उन्हाळ्यात ७० डॉलरच्या वर असलेला शेअर २०२३च्या ऑक्टोबरात ५५च्या आसपास होता. नऊ वर्षं लाभांश घेत राहिलेल्या माणसाच्या मुद्दलातून तेवढ्या काळात पाचवा हिस्सा गेला. बाजार मोठा टक्का देतो तेव्हा त्याला काहीतरी खुपत असतं. इथे लॅटिन अमेरिकेतला पसारा खुपत होता. नवे प्रमुख स्कॉट थॉमसन यांनी २०२३ पासून तो आवरायला घेतला: कोलंबिया, कोस्टा रिका, पनामा इथला व्यवसाय दाविविएंदा या बँकेच्या हवाली करण्याचा करार केला आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या कीकॉर्पमध्ये १४.९ टक्के हिस्सा घेतला. याला सुधारणा म्हणायचं की तीच सवय नव्या पत्त्यावर, हे ठरवायला मी अजून थोडा वेळ घेईन.

भाव ठरवताना मी दोन गोष्टी पाहतो. एक, शेअरचा भाव वार्षिक कमाईच्या किती पट आहे. या बँका बराच काळ दहा ते बारा पटींच्या आसपास मिळत आल्या आहेत. टीडी ७५ला साडेनऊ पटींवर होती, १२०ला चौदा पटींवर. चौदा पट देणारा माणूस पुढच्या काही वर्षांच्या चांगल्या बातम्यांचे पैसे आधीच मोजत असतो. दुसरी गोष्ट, कमाई कोणती धरायची. बँका दोन नफे छापतात: एक प्रत्यक्ष, दुसरा 'समायोजित', म्हणजे एकवेळच्या गोष्टी वगळून. टीडीचा प्रत्यक्ष नफा २०२४ मध्ये ८.८ अब्ज होता आणि २०२५ मध्ये २०.५ अब्ज. पहिल्यात दंड होता, दुसऱ्यात श्वाबचा हिस्सा विकल्याचा नफा. समायोजित नफा मात्र १४.३ वरून १५ अब्जांवर गेला, एवढाच. या प्रकरणात समायोजित आकडा वास्तवाच्या जवळचा आहे. पण दरवर्षी काही ना काही 'एकवेळचं' निघत राहिलं, तर ती गोष्ट एकवेळची उरत नाही, हे ध्यानात ठेवून पाच वर्षांचे दोन्ही आकडे शेजारी लिहून काढा.

तिमाही निकालात काय वाचायचं

या बँकांचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपतं. त्यामुळे निकाल फेब्रुवारीअखेर, मेअखेर, ऑगस्टअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला येतात. शंभर पानी अहवालातून दोन जागा चुकवू नयेत.

पहिली, बुडीत कर्जांसाठीची तरतूद. ती दोन भागांत दिलेली असते: आधीच थकलेल्या कर्जांसाठी आणि अजून चालू असलेल्या कर्जांसाठी. चालू कर्जांसाठीची तरतूद वाढली तर बँक पुढचं आभाळ पाहून सावध झाली आहे. थकलेल्यांची वाढली तर पाऊस सुरू झाला आहे. २०२४ मध्ये बीएमओच्या अमेरिकेतल्या व्यापारी कर्जांमध्ये दुसरा प्रकार घडला. सलग दोन तिमाहींत तरतूद अपेक्षेपेक्षा जास्त निघाली आणि शेअर दोन्ही वेळा आपटला. नंतर तो सावरला, वर गेला. पण ज्यांनी घेताना हा रकाना पाहिलाच नव्हता त्यांच्याकडे थांबायलाही कारण नव्हतं आणि विकायलाही.

दुसरी जागा, भांडवलाचं प्रमाण, ज्याला सीईटी-१ म्हणतात. ऑस्फीच्या नियमांनुसार सहा मोठ्या बँकांना ते ११.५ टक्क्यांच्या वर ठेवावं लागतं; साधारण १३च्या वर असेल तर लाभांश वाढवायला आणि शेअर परत घ्यायला मोकळीक असते. ही मोकळीक नियामक काढूनही घेऊ शकतो. मार्च २०२० मध्ये ऑस्फीने लाभांशवाढ आणि शेअरखरेदी थांबवली, ती नोव्हेंबर २०२१ मध्ये उठवली. लाभांश बंद झाला नाही, वाढायचा थांबला.

या आकड्यांच्या मागे कॅनडाचं गृहकर्ज आहे. तिथे कर्ज २५ वर्षांचं असलं, तरी व्याजदर सहसा ५ वर्षांपुरताच ठरतो आणि मग नव्या दराने नूतनीकरण होतं. देशाची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ कॅनडाचा दर मार्च २०२२च्या सुरुवातीला ०.२५ टक्के होता, जुलै २०२३ मध्ये ५ टक्के झाला, आणि जून २०२४ पासून उतरत ऑक्टोबर २०२५ मध्ये २.२५ वर आला. २०२०-२१ मध्ये दोन टक्क्यांच्या आतबाहेर कर्ज घेतलेले लोक २०२५-२६ मध्ये नूतनीकरणाला आले. देशातल्या एकूण गृहकर्जांपैकी सुमारे ६० टक्के कर्जं या दोन वर्षांत नूतनीकरणाला येतील, असं बँक ऑफ कॅनडाने म्हटलं होतं. हप्ते वाढले, तरी मोठ्या प्रमाणावर कर्जं थकलेली नाहीत. २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम स्वतः भरणाऱ्याच्या कर्जाला विमा सक्तीचा आहे, आणि कर्ज देतानाच दोन टक्के जास्त दराने हप्ता झेपेल का हे तपासलेलं असतं. त्यामुळे घरांच्या किमती घसरल्या की बँका कोसळतील, हे भाकीत वर्षानुवर्षं खोटं ठरत आलं आहे. माझी काळजी वेगळी आहे. २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली, कायमच्या स्थलांतरितांचं लक्ष्य २०२५ साठी ५ लाखांवरून ३,९५,००० वर आणलं गेलं, आणि २०२४ मध्ये टोरोंटो परिसरातल्या नव्या कॉन्डोंची विक्री १९९०च्या दशकानंतरच्या नीचांकावर गेली. दरवर्षी लाखो नवी खाती, नवी कार्डं आणि नवी कर्जं आपसूक दारात येत होती, तो ओघ आटला आहे. या बँका कोसळणार नाहीत, पण पूर्वीइतक्या सहज वाढणारही नाहीत, असं धरून मी भाव मोजेन.

आपलं ताट आधी पाहा

आता सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. मिसिसागात राहणाऱ्या एखाद्या जोडप्याची जमाखर्चाची वही उघडा. पगार कॅनेडियन डॉलरमध्ये. संपत्तीचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे राहतं घर, तेही कर्जावर. कदाचित भाड्याने दिलेला एक कॉन्डो. दोघांपैकी एकजण बँकेच्याच आयटी विभागात, कारण टोरोंटोत ती नोकरी मराठी मुलांना सहज मिळते. निवृत्तीच्या योजनेत कॅनडाचा निर्देशांक-फंड आहे आणि टोरोंटो बाजाराच्या निर्देशांकात वित्तीय कंपन्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. त्यावर आणखी बँकेचे शेअर. नोकरी, घर, भाडं, शेअर सगळं एकाच विहिरीवर. ओंटारियोत बेकारी वाढली आणि घरं पडली, तर या कुटुंबाला पैशांची सर्वात जास्त गरज लागेल त्याच वेळी शेअरही खाली असेल.

अशा कुटुंबाला मी म्हणेन, बँकेचा शेअर घ्यायचाच तर एकूण बचतीच्या पाच टक्क्यांपुरता घ्या, आणि एकाच बँकेवर मन जडलेलं नसेल तर सहाही बँका समान प्रमाणात धरणारा ईटीएफ पाहा. असा एक फंड बीएमओच चालवते, झेडईबी नावाने. खर्च वर्षाला पाव टक्क्याच्या आसपास. टीडीसारखं प्रकरण सहापैकी कुठे होईल हे आधी ओळखण्याइतकी माहिती आपल्याला मिळत नाही. बँकेत नोकरी असेल आणि मालकाकडून सवलतीत शेअर मिळत असतील, तर ते घ्यावेत, पण साठवत बसू नये.

खातं कोणतं वापरायचं, हेही ठरवा. टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात लाभांश आणि नफा दोन्हींवर कर नाही. अमेरिकी शेअरच्या लाभांशातून तिथेही १५ टक्के कापले जातात, कॅनडाच्या बँकेच्या लाभांशातून काहीच नाही. म्हणून हे शेअर त्या खात्यात शोभतात. पण नव्याने आलेल्यांनी सांभाळा. "आता एक लाखाच्या वर टाकता येतात" हे ऐकीव वाक्य २००९ पासून कॅनडात असलेल्या प्रौढांसाठी आहे. तुमची पैसे भरण्याची मर्यादा तुम्ही कॅनडाचे रहिवासी झालात त्या वर्षापासून सुरू होते. २०२३ मध्ये आलेल्या माणसाची २०२५ पर्यंतची मर्यादा ६,५०० अधिक ७,००० अधिक ७,०००, म्हणजे २०,५०० डॉलर. बँकेचं ॲप जास्त रक्कम भरायला आडकाठी करत नाही, आणि जादा रकमेवर दरमहा एक टक्का दंड लागतो. साध्या खात्यात शेअर ठेवले, तर लाभांश ३८ टक्क्यांनी फुगवून उत्पन्नात धरतात आणि मग त्यावर करसवलत देतात. हिशोब किचकट आहे, परिणाम चांगला: पगाराएवढा किंवा ठेवीच्या व्याजाएवढा कर लागत नाही. तीनचार वर्षांत घर घ्यायचं असेल, तर त्या डाउन पेमेंटचे पैसे या भानगडीत आणूच नका.

परत भारतात जायचा बेत असणाऱ्यांनी एवढं धरून चालावं: कॅनडाचं निवासित्व सोडताना साध्या खात्यातले शेअर त्या दिवशी विकले असं समजून नफ्यावर कर आकारला जातो, विकले नसले तरी. शेअर बाळगायला भारताच्या परकीय चलन कायद्याची हरकत नाही. परदेशात रहिवासी असताना मिळवलेली मालमत्ता तशीच ठेवता येते. मात्र टीएफएसएची करमुक्ती भारताचं आयकर खातं ओळखत नाही.

पुण्यात बसून घ्यायचा असेल तर

नॅशनल बँक सोडून बाकी पाचही बँका न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यामुळे अमेरिकी शेअर देणाऱ्या कोणत्याही सेवेतून त्या भारतात राहून घेता येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर २० टक्के टीसीएस आधी कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

लाभांशासाठी हा उद्योग करणाऱ्यांनी एक हिशोब आधी मांडावा. भारत-कॅनडा करारानुसार लहान भागधारकाच्या लाभांशावर कॅनडा २५ टक्के कर मुळातच कापून घेतो, शेअर न्यूयॉर्कमध्ये घेतला तरीही. साडेतीन टक्क्यांचे हातात २.६ येतात. मग ते भारतात उत्पन्नात धरले जातात आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या पायरीवर असाल तर वरचा फरकच भरावा लागेल. २० टक्क्यांच्या किंवा खालच्या पायरीवर असाल तर कॅनडाने जास्त कापलेलं परत येत नाही. निवृत्त माणसाने नियमित उत्पन्नासाठी हा मार्ग धरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. रुपया घसरत राहील, म्हणून थोडा पैसा परकीय चलनात असावा, एवढाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी. पण मग एका देशाच्या एका बँकेपेक्षा व्यापक फंड त्या हेतूला जास्त जवळचा.

घेतलाच, तर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागतो, दहा शेअर असले तरी. हा तक्ता आपल्या आर्थिक वर्षाप्रमाणे भरायचा नसतो, जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे भरायचा असतो. दोन वर्षांच्या आत विकला तर नफा तुमच्या पायरीच्या दराने, त्यानंतर १२.५ टक्के. खरेदीच्या दिवसाचा भाव, त्या दिवसाचा विनिमयदर आणि दर तिमाहीच्या लाभांशाची पावती पहिल्या दिवसापासून एका ठिकाणी लिहून ठेवा. पाच वर्षांनी सीएने मागितल्यावर दलालाच्या जुन्या विवरणपत्रांतून ते शोधत बसणं हे शेअर निवडण्यापेक्षा जास्त वेळखाऊ काम आहे.